शिवणीतली माया

बेसा हे नागपूरच्या दक्षिणेचे गाव. मनीषनगर ओलांडले की एकेकाळी येथे शेते लागत असत. आता इमारतींच्या रांगा लागतात. नोकरीनिमित्ताने नागपुरात आलेली अनेक ख्रिस्ती कुटुंबे अशा नव्या वस्त्यांतून स्थिरावली आहेत. आमच्या दिवंगत बहिणीचे कुटुंब त्यांपैकीच एक. ती मूळची वसईची. पतीच्या रेल्वेतील नोकरीमुळे ती नागपूरला आली आणि पुढे बेशाचीच झाली. २०२१ च्या साथीत ती देवाघरी गेली. तिच्या मागे राहिलेल्या वस्तूंत एक पत्र्याची पेटी होती. त्या पेटीत, मलमलीच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला, १९९२ साली वसईच्या एका शिंप्याने शिवलेला तिच्या लग्नाचा पांढरा गाऊन होता.

गेल्या वर्षी आमच्या भाचीचा विवाह ठरला, तेव्हा ही पेटी उघडली गेली. आईचाच गाऊन घालून वेदीसमोर उभे राहायचे, असे मुलीने मनाशी ठरविले होते. परंतु आईच्या जाण्यानंतर ती स्वतः दीर्घकाळ आजारी होती आणि औषधांमुळे तिचे अंग भरले होते. गाऊन खांद्यांवर चढला, पण पाठीची चेन चार बोटे अंतर राखून थांबली. शहरातील एका मोठ्या दुकानात तो दाखविला, तेव्हा तेथील माणसाने कापडाकडे न पाहता मुलीकडे पाहिले आणि वजन कमी करा किंवा नवा घ्या, असा सल्ला दिला. मुलगी घरी आली ती रडतच. "मामा, आईचा गाऊन मला होत नाही," एवढेच ती म्हणाली.

यावर उपाय निघाला तो बेशातल्याच एका लहानशा शिवणदुकानात. तेथील शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गाऊन उलटा करून पाठीची शिवण बोटांनी चाचपली आणि आपल्या वऱ्हाडी-नागपुरी वळणाने म्हटले, "काही घाबरू नका जी. फाडायचं नाही, उसवायचं. माया हाये ना याच्यात." चेन काढून पाठीला दोन्ही बाजूंनी फासे लावायचे आणि त्यांतून नाडी ओवायची, असे त्यांनी सुचविले. उपाय साधा होता. पण तो ऐकताच आमच्या मनात प्रश्न उभा राहिला, की ही युक्ती आली कोठून? नाडीने आवळायची पाठ ही आजची फॅशन, असे आम्ही समजत होतो. शोध घेऊ लागलो, तसा तिचा इतिहास फार दूरवर पोहोचलेला दिसला. तो वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

गाठ, बंद आणि नाडी

मनुष्याने वस्त्र अंगावर टिकविण्यासाठी जे मार्ग शोधले, त्यांत बांधणे हा सर्वांत जुन्या मार्गांपैकी एक. बटण, हूक, चेन ही सारी मागाहूनची. पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात प्रमुख याजकाच्या वस्त्रांचे सविस्तर वर्णन आहे. तेथे ऊरपटाच्या सोन्याच्या कड्या निळ्या दोरीने एफोदाच्या कड्यांशी बांधाव्यात, म्हणजे ऊरपट जागचा हलणार नाही, अशी आज्ञा दिलेली आहे. कडी आणि तीतून जाणारी दोरी ही आजच्या नाडीच्या पाठीचीही मूळ रचना होय.

आपल्या देशात न शिवलेल्या वस्त्राला मोठा मान होता. धोतर, लुगडे, उपरणे ही वस्त्रे मागावरून उतरली की तशीच नेसावयाची. तथापि शिवलेले वस्त्रही येथे परके नव्हते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत शिवलेली चोळी घातलेल्या स्त्रिया दिसतात. महाराष्ट्राची जुनी चोळी पुढे गाठ मारून घालावयाची. तिला ना बटण ना हूक. खणाची दोन टोके छातीखाली आणून बाईने स्वतःच्या हातांनी गाठ मारली की झाले. या गाठीचा गुण असा, की बाई बाळंतीण होवो, आजाराने वाळो, वा वयाने भरो, तीच चोळी तिच्या अंगाला होत असे. गाठ थोडी इकडे, थोडी तिकडे, एवढाच काय तो फरक.

पुरुषांच्या पोशाखातही हाच विचार होता. अंगरखा छातीवर बंदांनी बांधला जाई. 'बाराबंदी' या मराठमोळ्या वस्त्राला तर नावच त्याच्या बारा बंदांवरून पडले. आजही सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत मकरसंक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज धरणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. विदर्भात यवतमाळ, वाशीमकडे गेलो तर बंजारा स्त्रियांची आरशांनी मढविलेली कांचळी दिसते. तिची पाठ उघडी असून ती मागे दोऱ्यांनी बांधलेली असते. शहरातील दुकानांत ज्याला नवलाईचा नमुना म्हणून दाखवितात, ते आमच्या तांड्यांवरील आयाबायांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

युरोपातील नाडी

युरोपात कथा थोड्या निराळ्या वाटेने गेली. तेथेही आरंभी वस्त्रे सैल व अंगावरून सोडलेली असत. १४व्या शतकात अंगाला घट्ट बसतील असे कपडे बेतण्याची कला शिंप्यांनी विकसित केली. घट्ट कपडा अंगात घालायचा तर तो कोठेतरी उघडला पाहिजे आणि पुन्हा मिटला पाहिजे. त्यासाठी बटणांबरोबरच नाडीचा उपयोग वाढला. कापडाला भोके पाडून त्यांतून दोरी ओवावयाची. दोरीच्या टोकाला ओवण्यास सोपे जावे म्हणून धातूचे टोपण बसवावयाचे. आपल्या बुटांच्या नाडीच्या टोकाला जे टोपण असते, त्याचाच हा पूर्वज.

या नाडीचा एक प्रसंग ख्रिस्ती वाचकांना विशेष हृद्य वाटेल. संत जोन ऑफ आर्क हिच्यावर १४३१ साली रुआँ येथे जो खटला चालला, त्यातील आरोपांत तिच्या पुरुषी पोशाखाचे वर्णन आहे. तिची विजार वरच्या अंगरख्याला वीस नाड्यांनी बांधलेली होती, असे त्यात नोंदविले आहे. आरोप करणाऱ्यांना तो उद्धटपणा वाटला. परंतु शत्रूच्या शिपायांच्या पहाऱ्यात रात्रंदिवस कोंडलेल्या त्या १९ वर्षांच्या मुलीला त्या वीस गाठींचे मोल काय वाटत असेल, हे प्रत्येक आईबापाला समजेल. १४५६ साली तिच्यावरील निकाल रद्द ठरला आणि १९२० साली ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले.

पुढे १७व्या व १८व्या शतकांत नाडीने वेगळे रूप धारण केले. स्त्रियांची कमर बारीक दिसावी म्हणून देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या घालून कडक कंचुक्या शिवल्या जात आणि त्या पाठीमागे नाडीने आवळल्या जात. या कंचुक्या शिवणे हे पुरुष शिंप्यांचे काम होते. पॅरिसमध्ये १६७५ साली शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतःचा संघ स्थापण्यास राजाने परवानगी दिली, तरी कडक कंचुकीचे काम शिंप्यांकडेच राहिले. नाडीची भोके त्या काळी हाताने करीत. कापडाचा धागा तुटू नये म्हणून टोच्याने धागे बाजूला सारून भोक पाडावयाचे आणि भोवती काजाचा टाका घालावयाचा. १८२०च्या दशकात धातूच्या कड्या निघाल्या. त्यांनी भोकाला बळकटी आली, आणि बळकटी आल्यामुळे आवळण्याला मर्यादा राहिली नाही. श्वास कोंडेल, फासळ्या दबतील इतकी कंचुकी आवळण्याची चाल पडली. तिच्याविरुद्ध डॉक्टरांनी व विचारी स्त्रियांनी आवाज उठविला. १८८१ साली लंडनमध्ये विवेकी पोशाखाचा पुरस्कार करणारी स्त्रियांची एक संस्थाच स्थापन झाली.

येथे क्षणभर थांबून विचार करावासा वाटतो. एकच नाडी, पण तिची कामे दोन. शरीराला ठरलेल्या मापात कोंबण्यासाठीही ती वापरता येते आणि मापाला शरीराप्रमाणे सैल करण्यासाठीही. त्याच शतकांत गरोदर स्त्रियांसाठी बाजूंनाही नाड्या असलेल्या कंचुक्या शिवीत. पोट वाढेल तसतशी बाजूची नाडी सैल करावयाची. त्या नाडीने कोणाला गुदमरविले नाही. आमच्या जुन्या चोळीची गाठ आणि ही बाजूची नाडी, या एकाच कुळातल्या म्हणावयास हरकत नाही.

काज आणि फीत

नाडीच्या पाठीला दोन गोष्टी लागतात. एक भोक किंवा फासा आणि दुसरी त्यातून जाणारी पट्टी. मराठीत बटणाच्या भोकाला आपण 'काज' म्हणतो आणि पट्टीला 'फीत'. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. 'कासा' म्हणजे घर. बटणाचे घर ते काज. 'फिता' म्हणजे पट्टी. ती झाली फीत. आपण कपड्यांवर फिरवितो ती 'इस्त्री'देखील त्याच भाषेची देणगी आहे. आशियातील भाषांत मिसळलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा कोश गोव्याचे विद्वान धर्मगुरू मॉन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फु दालगाद यांनी १९१३ साली प्रसिद्ध केला. आसगावात जन्मलेल्या या धर्मगुरूचे ऋण मराठी भाषेवरही आहे.

१५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या दोन शतकांत काज आणि फीत आमच्या वाडवडिलांच्या तोंडी रुळली असावी. तरीही वसई, उत्तन, गोराई येथील आमच्या आज्या-पणज्यांनी लुगडे सोडले नाही. शब्द आला म्हणून पोशाख लगेच बदलला, असे घडले नाही. पांढरा गाऊन आमच्या गावांतून सार्वत्रिक झाला तो बराच उशिरा. तोवर वधू लुगड्यातच वेदीसमोर उभी राहत असे.

गोव्यात व मंगळुराकडे वधूच्या 'सादो'ची प्रथा आहे. गोव्यात लग्नापूर्वी शिंप्याला घरी बोलावून तांबड्या सादोचे कापड समारंभाने बेतले जाई व त्या वेळी फटाके उडविले जात. मंगळुरी ख्रिस्ती कुटुंबांत सादो ही वधूची साडी असे. ती अत्यंत मंगल मानली जाई, सणासुदीला व लग्नकार्यालाच नेसली जाई, आणि काही घराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली. साडीचे हे वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. आजीची साडी नातीला होते. त्यासाठी उसवावे लागत नाही की शिवावे लागत नाही. साडी कोणाचेही माप विचारीत नाही. गाऊनचे तसे नाही. तो एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट देहावर बेतलेला असतो.

पांढरा गाऊन आणि नागपूर

विवाहाच्या पांढऱ्या गाऊनची चाल युरोपातही फार प्राचीन नाही. पूर्वी वधू आपल्याकडील उत्तम रंगीत वस्त्र घालीत असे. १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने राजपुत्र अल्बर्टशी विवाह केला, तेव्हा तिने स्पिटलफील्ड्सच्या पांढऱ्या रेशमाचा व हॉनिटनच्या जाळीचा पोशाख केला. त्यानंतर पांढऱ्या रंगाची चाल हळूहळू श्रीमंतांत व मग सर्वत्र पसरली. पुढील काळात शिवणयंत्राने तिला हातभार लावला. १८४६ साली इलायस हाउ यांना व १८५१ साली आयझॅक सिंगर यांना त्यांच्या यंत्रांचे हक्क मिळाले आणि अंगाला बसणारा कपडा सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागला.

व्हिक्टोरिया राणीविषयी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. तिने आपल्या लग्नातील जाळी आयुष्यभर जपली आणि पुनःपुन्हा वापरली. १८८५ साली तिची धाकटी कन्या बिॲट्रिस हिच्या विवाहात तिने स्वतःची जाळीची ओढणी मुलीच्या मस्तकावर घातली. त्याच राजघराण्यातील दुसऱ्या बिॲट्रिसने १७ जुलै २०२० रोजी आपल्या आजीचा, म्हणजे राणी एलिझाबेथचा, १९६०च्या दशकातील गाऊन बाह्या जोडून व दुरुस्त करून लग्नात घातला. ज्यांना नित्य नवे घेणे सहज शक्य होते, त्यांनीही जुने दुरुस्त करण्यात कमीपणा मानला नाही.

या राणीचा आणि आमच्या नागपूरचाही एक संबंध आहे. १ जानेवारी १८७७ रोजी तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात आपली कापडगिरणी सुरू केली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. या गिरणीच्या भोंग्यावर नागपूरच्या कित्येक पिढ्या उठल्या आणि झोपल्या. त्याआधीपासून येथील कोष्टी विणकरांची नागपुरी काठाची लुगडी दूरवर प्रसिद्ध होतीच. गिरण्या बंद पडल्या, हातमाग ओसरले, पण इतवारीच्या कापडबाजारात आजही गर्दी लोटते. नागपूरचे कॅथॉलिक धर्मप्रांत म्हणून अस्तित्व याच काळातले. सॅव्हॉयमधील आनसी येथून आलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मिशनऱ्यांच्या श्रमांतून १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला व १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला.

मिशनऱ्यांबरोबर सुईदोराही आला, हे विसरता येणार नाही. दक्षिणेत नागरकोविल येथे लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी १८२०च्या दशकात मुलींना जाळी विणण्यास शिकविले. त्याच काळात त्रावणकोरमधील नाडार ख्रिस्ती स्त्रियांनी छाती झाकावी की नाही, यावरून मोठा संघर्ष पेटला होता. उच्चवर्णीयांपुढे त्यांनी अंग झाकणे हा अपराध मानला जाई. मिशनरी स्त्रियांनी त्यांच्यासाठी सैल कुडते बेतले. ते घालणाऱ्या बायांना मारहाण झाली, त्यांची वस्त्रे फाडली गेली. अखेर १८५९ च्या घोषणेने त्यांना अंग झाकण्याचा हक्क मिळाला. तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र न घेण्याच्या अटीवर. एका शिवलेल्या कुडत्यासाठी बायकांनी एवढे सोसले आहे. म्हणूनच एखाद्या मुलीच्या अंगाला कपडा होतो की नाही, हा प्रश्न क्षुल्लक मानून हसण्यावारी नेण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

चेनचा काटेकोरपणा

आमच्या बहिणीच्या गाऊनला चेन होती. चेनचे आजचे रूप गिडिअन सुंडबॅक या अभियंत्याने १९१३ साली सिद्ध केले व १९१७ साली त्याचे हक्क मिळविले. १९३०च्या दशकापासून ती स्त्रियांच्या पोशाखांत आली. चेन ही मोठी सोयीची वस्तू आहे यात शंका नाही. एका झटक्यात पाठ मिटते, शिवण सरळ दिसते, कोणाची मदत लागत नाही. पण चेनला मधली स्थिती ठाऊक नाही. ती मिटते किंवा मिटत नाही. एक इंच कमी पडला तरी ती वर सरकत नाही आणि जोर केला तर दात सोडते. नाडीचे तसे नाही. ती जेवढी जागा असेल तेवढ्यावर समाधान मानते. सकाळी उपाशीपोटी घट्ट, दुपारी जेवणानंतर सैल, असा तिचा समजूतदार स्वभाव असतो.

आता बेशाच्या बाईंनी काय केले, ते थोडक्यात सांगतो. घरोघरी असे गाऊन पेट्यांत पडून आहेत, म्हणून ते उपयोगी पडेल.

प्रथम आम्ही सुचविले की, दोन्ही बाजूंच्या शिवणी सोडवून गाऊन वाढवावा. त्यांनी मान हलविली. जुन्या सॅटिनवर सुईची छिद्रे मिटत नाहीत. बाजूची शिवण उसवली की जुन्या टाक्यांची रांग डोळ्यांना दिसत राहते. शिवाय बाजूने वाढविलेला गाऊन काखेत बिघडतो. पाठीच्या मधल्या शिवणीचे तसे नाही. तेथील जुनी खूण आत वळविता येते. म्हणून त्यांनी चेन अलगद उसवून काढली व पाठ कमरेच्या किंचित खालपर्यंत मोकळी केली. शिवणीत आत दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड होते. शिवणकामात त्याला माया म्हणतात. ही माया कापून न टाकता आत वळवून, तिच्या पोटात बक्रमची पट्टी घालून त्यांनी दोन्ही कडा भक्कम केल्या. काठाला ताण पडून कापड गोळा होऊ नये म्हणून कडेलगत एकेक लवचिक पट्टी उभी घातली.

मग फासे. त्यासाठी गाऊनच्या रंगाशी जुळणारे सॅटिन उरेब, म्हणजे तिरपे कापून त्याच्या बारीक नळ्या केल्या. सरळ कापडाची नळी वळत नाही, उरेब कापडाची वळते व ताण सोसते. पाऊण-पाऊण इंचावर एकेक फासा, डावीकडे जितके तितकेच उजवीकडे, समोरासमोर. सारे फासे कडा व आतली माया यांच्या मध्ये धरून दोनदा शिवले. जुने सॅटिन मधोमध भोक पाडल्यास फाटण्याचा धोका असतो, म्हणून धातूच्या कड्या त्यांनी टाळल्या. मागे उघडी राहणारी जागा झाकण्यासाठी आतून एक रुंद पट्टी जोडली. ती एका बाजूला शिवलेली व दुसऱ्या बाजूला हुकांनी अडकविलेली. त्यामुळे पाठ झाकली गेली आणि चर्चमध्ये वधूला किंवा वडीलधाऱ्यांना अवघडण्याचे कारण उरले नाही. शेवटी साडेतीन मीटर लांबीची नाडी वरून खाली फुलीफुलीने ओवून कमरेशी तिची गाठ बांधावयाची. चार बोटांची उणीव अशी भरून निघाली. आईचा गाऊन कोठेही कापला गेला नव्हता. उद्या हवे असल्यास फासे उसवून तीच चेन पुन्हा लावता येईल.

माया हा शब्द आम्ही त्या दिवसापासून मनात घोळवीत आहोत. १९९२ सालच्या त्या वसईच्या शिंप्याने पाठीच्या शिवणीत बोटभर कापड जास्त ठेवले नसते, तर फासे कशात शिवले असते? कापड वाचविण्यासाठी शिवण काठाला भिडवून कातरणे सोपे असते. आजच्या तयार कपड्यांत बहुधा तसेच करतात, म्हणून ते दुरुस्त होत नाहीत. जुना शिंपी मात्र गृहीतच धरीत असे, की हा कपडा घालणारे माणूस बदलेल, वाढेल, कदाचित कपडा दुसऱ्या कोणाकडे जाईल. ते अजून न आलेले माणूस ध्यानी घेऊन तो शिवणीत जागा ठेवी. आमच्या भाषेने त्या जागेला माया हे नाव द्यावे, यात भाषेचेही काही शहाणपण आहे.

लग्नाच्या खर्चाविषयी आपल्या धर्मग्रामांतून वारंवार बोलले जाते. एका दिवसासाठी गाऊन विकत घेणारी वा भारी भाड्याने आणणारी कुटुंबे कर्ज काढतात, हेही आपण पाहतो. जुना गाऊन घातला म्हणजे काटकसर झाली, एवढाच अर्थ मात्र आम्ही यातून काढीत नाही. कोणाला नवा घेणे शक्य असेल व हौस असेल, तर त्यात गैर काही नाही. पण जुना होत नाही म्हणून ज्या मुलीला आपल्याच देहाची लाज वाटू लागते, तिला कोणीतरी सांगावयास हवे, की दोष देहाचा नाही. कपडा माणसासाठी आहे. तो उसवता येतो.

प्रेषितांच्या कृत्यांत ९व्या अध्यायात यापो येथील तबीथेची हकीगत आहे. तिला दुर्कस असेही म्हणत. ती गोरगरिबांसाठी वस्त्रे शिवीत असे. ती मरण पावली, तेव्हा विधवा बाया पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्याला दाखविली. मेलेल्या माणसाची आठवण सांगण्यासाठी त्यांना शब्दांपेक्षा कापड जवळचे वाटले. शिंप्यांचे आश्रयदाते संत होमोबोनस हे तर इटलीतील क्रेमोना गावचे साधे संसारी गृहस्थ, कापडाचा धंदा करणारे. ११९७ साली ते मिस्सा चालू असतानाच वारले आणि दोनच वर्षांत, ११९९ साली, पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांना संत घोषित केले. सुई-कात्रीच्या धंद्यालाही पावित्र्याकडे जाणारी वाट आहे, असे ख्रिस्तसभेने फार पूर्वीच मान्य केले आहे.

पुढे बांधलेली चोळीची गाठ बाई स्वतः मारू शकते. पाठीमागची नाडी मात्र स्वतःला बांधता येत नाही. तिला दुसऱ्याचे हात लागतात. एरवी ते काम वधूची आई करते. विवाहाच्या दिवशी सकाळी बेशाच्या त्या घरात आत कोणी जावे, असा प्रश्न पडला आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आमची आई त्या वेळी ८३ वर्षांची. तिची बोटे संधिवाताने वाकडी झालेली. ती काठी टेकीत आत गेली. शिवणाऱ्या बाईही बोलावणे नसताना वेळेवर येऊन ठेपल्या होत्या. त्यांनी फाशांतून नाडी ओवून दिली, आईने एकेक फुली ओढून घट्ट केली. फार वेळ लागला. बाहेर मोटार उभी होती, चर्चमधून फोन येत होते, आणि आम्ही दाराशी ताटकळलो होतो.

आतून आईचा आवाज ऐकू आला, "श्वास घे ग बाय. लागतंय का कुठं?"

"नाही आजी," भाची म्हणाली, "अजून थोडं ओढ."